दोर कुठे बांधलाय?

मे महिन्यातला वळीव आपल्या धारवाडला नवा नाही. दुपारभर उकाडा, चारच्या सुमाराला आभाळ भरून येणार, तासाभरात वारा आणि गारा, आणि मग अंगणात कैऱ्यांचा सडा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वळवात माळमड्डीतल्या आमच्या घरामागच्या सिल्व्हर ओकचा शेंडा मोडला. मोडला, पण खाली पडला नाही. दहा-बारा फुटांचा तो तुकडा सालीच्या आधाराने उलटा लोंबकळत राहिला. खाली एका बाजूला आमची पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या आजींचं पत्र्याचं न्हाणीघर.

आई म्हणाली, "तो तुकडा आधी काढून घे रे बाबा. आजी पहाटे पाचला तिथे बंब पेटवायला जातात."

हे झाड आजोबांनी लावलेलं. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला. कोडगू-चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, तिथून तो आपल्या आवारांत आला. भराभर वाढतो, सरळसोट जातो, पण त्याच्या फांद्या ठिसूळ. आमचा साठेक फूट झाला होता आणि न्हाणीघराकडे थोडा कललेला होता. नुसता शेंडा काढून भागणार नव्हतं. झाड उतरवायचंच ठरलं.

दोन घरांच्या बोळात साठ फुटांचं झाड आडवं पाडता येत नाही. ते वरून तुकड्या-तुकड्याने कापायचं, आणि प्रत्येक ओंडका दोराला बांधून, कप्पीवरून हळूहळू खाली सोडायचा. वर एक माणूस कापतो, खाली एक माणूस दोर सोडतो. आपण सगळे वरच्याकडे बघत बसतो. हा लेख खालच्या माणसाबद्दल आहे, आणि त्याचा दोर ज्याला गुंडाळलेला असतो त्या खुंटाबद्दल.

माझी हुशारी

मी बी. ई. झालेला, बंगळूरच्या कंपनीसाठी कोरोनापासून घरूनच काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनियर. परवानगी, हेस्कॉमच्या लाईनमनला सांगून मागची वीजवाहिनी बंद करून घेणं, ही कामं मी चोख केली. (कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काही जातींना सूट असते, पण ती आपल्या मनाने धरू नये. वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं.) मग झाडं उतरवणारे एक मेस्त्री आले. त्यांनी पाच माणसं आणि बारा हजार रुपये सांगितले.

"वर एकच चढणार ना? मग पाच कशाला?" मी म्हणालो. शेवटी चार माणसं आणि दहा हजारांवर सौदा झाला. दोन हजार वाचवले म्हणून मी खूष.

सकाळी मेस्त्रींनी आवार फिरून पाहिलं. दोर सोडणाऱ्याला झाडाच्या बुंध्याशी उभं करता येत नव्हतं. तिथे टाकी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा, आणि ओंडके येणार ते बरोबर डोक्यावर. म्हणून त्यांनी पंचवीस फुटांवरच्या फणसाकडे बोट दाखवलं. "दोर ह्याला घेऊ या री," ते कानडीत म्हणाले.

फणस ऐन भरात होता. साल सोलवटेल, फळं झडतील, म्हणून मी नको म्हणालो. "त्यापेक्षा इथे एक पहार ठोका की," मी फुलांच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. मेस्त्रींनी पायाने माती दाबून पाहिली. "मण्णु मेत्तग ऐत्री," माती मऊ आहे, एवढंच म्हणाले. मी मालक, त्यातून इंजिनियर. त्यांनी पुढे वाद घातला नाही.

सहा घावांत पहार अर्धी आत गेली. किती पटकन काम झालं, असं मला वाटलं. आज कळतं की तीच धोक्याची खूण होती. जे सहज आत जातं, ते सहज बाहेर येतं.

तिसरा ओंडका

लोंबकळणारा शेंडा आणि वरच्या फांद्या नीट उतरल्या. मग खोड सुरू झालं. कप्पी पस्तीसेक फुटांवर बांधलेली. पहिला ओंडका, दुसरा ओंडका, सगळं ठीक. दोर धरणारा विशीतला पोरगा पहारीला तीन वेढे देऊन एका हाताने दोर सोडत होता. त्याला काही जड जात आहे असं दिसतच नव्हतं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो.

तिसरा ओंडका मोठा होता. तो सुटला, हातभर मोकळा पडला, दोर ताठ झाला आणि पहार झाडाच्या दिशेने झुकली. पुढच्या क्षणी ती मातीतून उपटून वर उडाली, पोराच्या गुडघ्याजवळून सणसणत गेली आणि टाकीच्या खांबावर आदळली. पोराने घाबरून दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोडायला हवा होता, पण असं कुणी विचार करून वागत नाही. दोर त्याच्या तळव्यांतून सरकत गेला. ओंडका न्हाणीघराच्या कोपऱ्यावर आपटला आणि पत्रा फाटून आत घुसला. आजी तेव्हा देवळात होत्या.

पोराच्या दोन्ही तळव्यांची कातडी निघाली होती. मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त एकदा विचारलं, "पगार कट होईल का, सर?"

सुभेदार काका

संध्याकाळी समोरचे काका आले. काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे ज्यांचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे त्या पलटणीत. पूल बांधणं, अडकलेल्या गाड्या ओढून काढणं, दोर, कप्प्या आणि खुंट यांच्यातच उमेदीची वर्षं गेलेली.

ते वाफ्यातल्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले. चिमूटभर माती हातात घेतली, गोळा केला. "पाणी कधी घातलं होतं?"

"रोजच घालतो, काका. झाडं आहेत ना."

"आणि पहार सरळ ठोकली?"

"हो."

"आणि दोर वरून, असा तिरका आला?" त्यांनी हाताने कप्पीपासून खड्ड्यापर्यंत रेघ दाखवली. "मग इंजिनियर, ती उपटली यात नवल काय? दोन ओंडके टिकली, हे नवल."

रात्री मी वही घेऊन बसलो. पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये दोर-कप्पीची गणितं केली होती. पास होण्यापुरती. त्या रात्री पहिल्यांदा ती एखाद्या माणसासाठी केली.

४० सेंटिमीटर जाडीचा, १ मीटर लांबीचा ओला ओंडका. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरलं, तर सव्वाशे किलो. पण हे वजन नुसतं टांगलेलं असतानाचं. ओंडका १ मीटर मोकळा पडला आणि दोराच्या अर्ध्या मीटरच्या ताणात थांबला, तर दोरावरचा ओढा सरासरी तिप्पट होतो, म्हणजे पावणेचारशे किलो. क्षणभर त्याहूनही जास्त.

खुंट किती धरतो? अमेरिकी लष्कराच्या दोर-कप्पीच्या कामाच्या पुस्तिकेत यासाठी ढोबळ आकडे दिलेले आहेत. चांगल्या, न उकरलेल्या जमिनीत ठोकलेला एक खुंट सुमारे ७०० पौंड, म्हणजे सव्वातीनशे किलो धरतो. नदीकाठच्या चिकणमातीत किंवा वाळूत त्याच्या निम्मे. आमचा वाफा उकरलेलाही होता आणि भिजलेलाही.

त्यात दिशेचा घोळ. कप्पी पस्तीस फुटांवर, पहार पंचवीस फूट लांब. म्हणजे दोराचा कोन जमिनीशी जवळजवळ पंचावन्न अंशांचा, आणि ओढ्याचा ऐंशी टक्के भाग वरच्या दिशेने. खुंट आडव्या ओढीला धरतो, कारण समोरची माती त्याला अडवते. वर ओढलं तर त्याला अडवतं कोण? गोठ्यातली गाय दिवसभर दावं ओढते, खुंटा हलत नाही. आपण मात्र तोच खुंटा हलवून हलवून वर खेचून काढतो.

हलकं लागणं म्हणजे हलकं होणं नव्हे

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते तीन वेढ्यांनी. पोरगा एका हाताने सव्वाशे किलो सोडत होता, ते कसं?

हे गणित ऑयलरच्या नावाने ओळखलं जातं. दोर खांबाला गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणाने ओढा कित्येक पटींनी घटतो. बेरजेने नव्हे, गुणाकाराने. घर्षणाचा गुणांक पाव धरला तर एका वेढ्याला पावणेपाच पट, दोन वेढ्यांना तेवीस पट, तीन वेढ्यांना शंभराहून जास्त. म्हणजे सव्वाशे किलोचा ओंडका कागदावर तरी किलो-सव्वा किलोच्या जोराने धरता येतो. बंदरावर एक खलाशी भलंमोठं गलबत थोपवून धरतो ते याच बळावर.

पण मग उरलेले एकशे चोवीस किलो गेले कुठे? ते नाहीसे होत नाहीत. ते खुंटावर जातात. हाताला जितकं हलकं, तितकं खुंटाला जड. आणि वाईट असं की हाताला हलकं लागल्यामुळे खुंट किती ताणात आहे हे हाताला कळतच नाही. नुसत्या हातांनी दोर धरला असता तर पोरगा पहिल्याच ओंडक्याला "जड आहे" म्हणून ओरडला असता.

मग मला माझे दोन हजार आठवले. ते तरी कुठे नाहीसे झाले होते? दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना विचारलं की पाचवा माणूस काय करणार होता. ते म्हणाले, "खुंटावर नजर ठेवायला आणि दोराच्या शेपटाला एक." म्हणजे मी जे वाचवले, ते कुणाच्या तरी हातांवर गेले होते.

तीन, दोन, एक

अर्धं खोड अजून उभं होतं. तीन दिवसांनी मेस्त्री परत आले, पाच माणसं घेऊन. या वेळी आधी काका आणि मेस्त्री आवारात फिरले, मी मागे. एक मराठीत बोलत होते, एक कानडीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं.

फणसाची मी परवानगी दिली, पण मेस्त्रींनीच नको म्हटलं. आता जिथे दोर न्यायचा होता तिथून तो रेषेत येत नव्हता. मागच्या पायवाटेजवळ मुरमाची टणक जागा होती. तिथे कुंपणाचे पाच फुटी लोखंडी अँगल आणून ठोकले, सहा. आधी झाडाच्या बाजूला तीन, शेजारी-शेजारी. त्यांच्या मागे चार फुटांवर दोन. त्यांच्या मागे एक. प्रत्येक अँगल तीन फूट जमिनीत, आणि डोकं झाडापासून दूर, मागे कललेलं. मग पुढच्या तिघांच्या डोक्यापासून मागच्या दोघांच्या पायापर्यंत दोराचे पेड, दोघांच्या डोक्यापासून शेवटच्याच्या पायापर्यंत तसेच. पेडांमध्ये काठी घालून पीळ दिला, दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला आणि काठीचं टोक जमिनीत खुपसलं.

डोक्यापासून पायापर्यंत का? पुढचा खुंट झुकायला लागतो तेव्हा त्याचं डोकं आधी हलतं. तिथेच त्याला धरायचं. आणि मागच्याला ओढायचं ते पायाशी, म्हणजे तो झुकत नाही. त्या लष्करी पुस्तिकेत चांगल्या जमिनीतल्या अशा तीन-दोन-एक जोडणीला ४,००० पौंड दिले आहेत, म्हणजे अठराशे किलो. एका खुंटाच्या सहापट तर होणारच होते, पण नुसते सहा खुंट जवळ-जवळ ठोकून ते होत नाहीत. ते एकमेकांना बांधलेले असावे लागतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचाही बॅकअपचा एक तीन-दोन-एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीत, एक दुसऱ्या जागी. नाव योगायोगाने जुळलं, पण भीती तीच. एकावर भिस्त नको.

असे मागे कललेले खुंट मी लहानपणी पाहिले होते. हुबळीच्या नेहरू मैदानावर सर्कस यायची तेव्हा तंबूभोवती त्यांच्या रांगा असत आणि आम्ही त्यांना अडखळत पळायचो. भारतातली पहिली सर्कस १८८० साली मुंबईत उभी केली ती आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी. झोपाळ्यावरच्या कसरती सगळ्यांना आठवतात. तंबू धरून ठेवणारे खुंट कोण बघतो?

दोराची दिशाही बदलली. वरच्या कप्पीतून दोर खोडालगत सरळ खाली आणला, बुंध्याशी बांधलेल्या दुसऱ्या कप्पीतून वळवला आणि जमिनीलगत आडवा खुंटांपर्यंत नेला. आता वरची ओढ बुंध्याच्या मुळांवर, खुंटांवर फक्त आडवी. बुंध्याच्या कप्पीवर मात्र दोराच्या ओढ्याच्या जवळजवळ दीडपट भार येतो, म्हणून तिला धरणारा दोर सगळ्यात जाड घेतला.

आणि शेवटची गोष्ट काकांनी वर चढणाऱ्याला सांगितली, "मोठे तुकडे कापू नकोस. अर्ध्या मीटरचे काप. वेळ लागू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओझं कमी करणं हा सगळ्यात स्वस्त खुंट, बरं का."

कामाला लागण्याआधी चौघांनी दोर झटके देऊन ओढून पाहिला. काकांनी पुढच्या खुंटाच्या पाठीला चिकटून एक काडी रोवली. खुंट हलला तर काडी आणि खुंट यांच्यात फट दिसेल. ती काडी बघत बसायचं काम मला दिलं. खुंट आणि झाड यांच्यामध्ये, दोराच्या रेषेत, कुणीही थांबायचं नाही. फट दिसली की ओरडायचं. आमच्या ऑफिसात याला मॉनिटरिंग म्हणतात आणि त्यासाठी मोठे पडदे लावलेले असतात. इथे एक काडी होती. दुपारी दोनपर्यंत मी तिच्यावरून नजर हलवली नाही. खोड उतरलं. फट पडली नाही.

तुमच्या आवारात

आपल्यापैकी बहुतेकांची घरं आता अशीच आहेत. आजोबांनी लावलेली झाडं मोठी झाली, भोवती घरं दाटली. झाड उतरवणं हे जाणत्यांचं काम, ते आपण करायला जाऊ नये. पण दोर कुठे बांधला आहे, हे विचारायचा हक्क आणि जबाबदारी आपली.

निरोगी, जाड बुंध्याचं जिवंत झाड असेल तर तेच उत्तम. दोर जमिनीलगत घ्यायचा, सालीवर गोणपाट गुंडाळायचा. माझ्यासारखा फणसाचा लोभ धरू नये. फाटकाचा विटांचा खांब वरून येणारं वजन पेलायला बांधलेला असतो, आडव्या झटक्याला नव्हे. विजेच्या खांबाचा तर विचारही नको. कारला बांधणं फार जणांना सुचतं. पण ओल्या गवतावर कारही घसरते, हँडब्रेकचा भरवसा नाही, आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते.

मातीही बघावी. धारवाडच्या पश्चिमेला तांबडी माती आणि मुरूम, तिथे खुंट धरतो. हुबळी-नवलगुंदकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि लोण्यासारखी होते. तिथे खुंटापेक्षा पुरलेला ओंडका बरा. खोल चर खणून त्यात ओंडका आडवा ठेवायचा, त्याच्या मध्याला दोर बांधायचा, दोरासाठी तिरकी अरुंद खाच काढायची आणि माती पुन्हा ठोकून भरायची. मग एका खुंटाऐवजी ओंडक्यासमोरची सगळी माती ओझं धरते. खणण्याआधी पाण्याची नळी आणि केबल कुठून जाते ते तेवढं आठवावं.

त्या पोराचे हात बरे व्हायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांची मजुरी आणि दवाखान्याचा खर्च मी दिला, आजींचा पत्रा बदलून दिला. बारा हजारांचं काम मला एकवीस हजारांना पडलं. पण ते पैशांचं गणित मी कुणाला सांगत नाही, कारण पहार गुडघ्याजवळून न जाता गुडघ्यातून गेली असती तर आकडा कुठला लिहिला असता?

यंदा आंब्याची एक मोठी फांदी उतरवायची होती. तेच मेस्त्री आले, तो पोरगाही आला. पैशांचं बोलायच्या आधी मी विचारलं, "दोर कुठे बांधणार?"

मेस्त्री हसले आणि पोराकडे वळून म्हणाले, "तोरसु." म्हणजे दाखव. पोरगा मला फणसापाशी घेऊन गेला. खांद्यावर दोर होता, आणि हातात गोणपाटाचे दोन तुकडे. ते त्याने घरूनच आणले होते.